बाळाच्या लघवीतून कॅन्सर कळत असेल, तर सगळ्याच बाळांची तपासणी का होत नाही?

रानवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय.

माझ्या जवळच्या मित्राची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी पाय दुखतो म्हणून रडायला लागली. वाढीचं वय आहे, दुखतात पाय, असं सगळ्यांनीच म्हटलं. मग ती लंगडायला लागली, चेहरा पांढरट दिसायला लागला आणि एका सकाळी दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं आलं, जणू कोणी मारलंय. तिथून सगळी चक्रं फिरली. न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांना होणारा एक कॅन्सर, चौथी पायरी. पोटात मूत्रपिंडाच्या वर गाठ आणि हाडांमध्ये पसरलेलं.

निदान करताना तिची लघवीही तपासली आणि त्यात ठरावीक पदार्थ कितीतरी पटींनी वाढलेले निघाले. तेव्हापासून मित्राच्या डोक्यात एकच घोळतंय: हे साध्या लघवीत दिसतं, तर ती सहा महिन्यांची असताना कोणी का नाही बघितलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

धुकं
वाचूनच पोटात कालवलं. लेकराला लवकर आराम पडो. प्रश्न अगदी बरोबर आहे, मीही उत्तराची वाट बघते.

शेवटचा बाक
मला तर यात चर्चेसारखं काही दिसतच नाही. तपासणी व्हायलाच हवी. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड, फेनिलकीटोन्युरिया (जन्मजात पचनरसायनाचा एक आजार) वगैरे तपासतात ना? लघवीला तर सुईसुद्धा टोचायला नको. कॅन्सर जितका लवकर कळेल तितका बरा, हे शाळेतलं पोरही सांगेल.

निळी शाई
मी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करते. आधी चाचणी काय आहे ते सांगते, मग ती सरसकट करावी का यावर डॉक्टर मंडळी बोलतील.

न्यूरोब्लास्टोमा ही अर्धवट वाढलेल्या चेतापेशींची, म्हणजे नसांच्या पेशींची गाठ. बाळ पोटात असताना ज्या पेशींपासून पुढे सिंपथेटिक नसा (आपोआप चालणाऱ्या कामांच्या नसा) आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा गाभा तयार होतो, त्यांतल्या काही पेशी मोठ्या व्हायच्या राहतात आणि वाढतच सुटतात. अॅड्रिनॅलिनच्या कुळातली रसायनं बनवायचा त्यांचा मूळ धंदा मात्र चालूच असतो. ती शरीरात मोडली की त्यांचे तुकडे लघवीत उतरतात. त्यातले दोन आम्ही मोजतो, व्हीएमए आणि एचव्हीए. या आजाराच्या साधारण ९० टक्के मुलांत ते वाढलेले सापडतात.

बाळाची लघवी कधी पातळ, कधी दाट, म्हणून नुसता आकडा कामाचा नाही. लघवीतल्या क्रिएटिनिन नावाच्या नेहमीच्या पदार्थाशी गुणोत्तर काढावं लागतं. पूर्वी एक रंगाची चाचणी होती, लघवीत रसायन टाकायचं आणि रंग बघायचा. ती केळं किंवा व्हॅनिला खाल्लं तरी फसायची. आता क्रोमॅटोग्राफी करतो, म्हणजे यंत्राने लघवीतले पदार्थ वेगवेगळे करून मोजतो. पडद्यावर रेघ सरळ जात असते, ठरलेल्या मिनिटाला व्हीएमएचं टोक वर येतं, थोड्या वेळाने एचव्हीएचं. निरोगी मुलात ती लहानशी टेकाडं असतात. आजारी मुलाचा नमुना असला की टोक कागदाबाहेर जातं आणि नमुना पातळ करून पुन्हा चालवावा लागतो. अशा दिवशी लॅबमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही.

गोधडी
शेवटचा बाक, सुई नको हे खरं, पण लहान बाळाची लघवी गोळा करणं सोपं आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं हो? माझ्या मुलीला ताप होता तेव्हा ती चिकटवायची प्लास्टिकची पिशवी लावून आम्ही नवरा-बायको दोन तास तिच्याकडे टक लावून बसलो होतो. काही नाही. कंटाळून पिशवी काढली आणि त्याच क्षणी बाईसाहेबांनी बाबाच्या शर्टावर कार्यक्रम उरकला. 😀

पाटीपेन्सिल
गोधडीताई, आमच्याकडे हेच, फक्त शर्टाच्या जागी डॉक्टरांची फाईल होती. एका नर्सबाईंनी युक्ती सांगितली: गार पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा बेंबीखाली हलकेच गोल फिरवायचा आणि वाटी तयार ठेवायची. पाच मिनिटांत काम झालं.

उंबरठा
हा धागा माझ्यासाठी आहे असं वाटलं. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे नव्वदीच्या दशकात जपानमध्ये होतो. मुलगा तिथलाच.

तिथे ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हायची. सहा महिन्यांच्या सुमाराला. दवाखान्यात जायचंही नसे. एक पाकीट मिळायचं, त्यात गाळणकागदाची पट्टी. ती बाळाच्या लघवीत भिजवायची, सावलीत वाळवायची आणि पोस्टाने पाठवायची. पट्टी मी बाल्कनीच्या दारापाशी दोरीला चिमट्याने टांगली होती. वाळल्यावर कडा पिवळसर झाली होती, बाकी काही नाही. मी ती पाकिटात घातली आणि विसरूनही गेले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं, पुन्हा नमुना पाठवा. मग बोलावणं. मग सोनोग्राफी, सीटी. अॅड्रिनलवर सुपारीएवढी गाठ. आठ महिन्यांच्या, गुटगुटीत, हसऱ्या बाळाचं पोट उघडलं आणि गाठ काढली. नंतर आतडी चिकटली म्हणून दुसरं ऑपरेशन. तो आता मोठा आहे, ठणठणीत आहे. पोटावर आडवा व्रण आहे, तो त्याच्याबरोबरच वाढला.

त्या पट्टीने माझ्या मुलाचा जीव वाचवला असं मी कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत होते. २००३ मध्ये जपानने ही तपासणी थांबवायचं ठरवलं ती बातमी वाचली आणि मी खाली बसले. कारण असं होतं की अशा बऱ्याच गाठी आपोआप विरून जातात. माझ्या मुलाची त्यातली होती का? हे मला कधीच कळणार नाही.

कुतूहल
उंबरठाताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी लहान मुलांच्या कॅन्सरवर उपचार करणारा डॉक्टर आहे. रानवाट यांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे, ते जरा उलगडून सांगतो.

क्योतोमध्ये सत्तरच्या दशकात हे काम सुरू झालं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला देशभर पसरलं. हेतू निर्मळ होता आणि सुरुवातीचे आकडे डोळे दिपवणारे होते. तपासणीत सापडलेली जवळपास सगळी बाळं वाचत होती! पण एक गोष्ट खटकत होती. आजार तान्हेपणीच पकडला जात असेल तर दोन-तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये पसरलेले रोगी कमी व्हायला हवेत. तसे ते होताना दिसेनात. तान्ह्या बाळांमध्ये मात्र रोगी भराभर वाढले.

म्हणून दोन ठिकाणी शेजारच्या प्रदेशांशी तुलना करून बघितलं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९८९ ते १९९४ मध्ये जन्मलेल्या बाळांची तिसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या महिन्यात तपासणी केली, आणि तुलना तपासणी नसलेल्या ऑन्टारिओसारख्या भागांशी. जर्मनीत १९९५ ते २००० मध्ये सोळापैकी सहा राज्यांत साधारण एक वर्षाच्या मुलांची तपासणी झाली, सुमारे १४ लाख ७५ हजार मुलांची. दोन्हींचे निष्कर्ष २००२ साली एकाच वेळी छापून आले. मृत्यू कमी झाले नाहीत. इथेही नाहीत, तिथेही नाहीत.

कारण असं, की एका नावाखाली हे जणू दोन आजार आहेत. तान्ह्या बाळातली गाठ बहुतेक वेळा सौम्य वृत्तीची. ती स्वतःच विरते किंवा तिच्या पेशी पक्व होऊन ती निरुपद्रवी होते. इतर कारणांनी दगावलेल्या अगदी लहान बाळांच्या शवविच्छेदनात अॅड्रिनलमध्ये अशा पेशींची बारीक बेटं सापडतात, हे १९६३ पासून नोंदलेलं आहे. १९७१ मध्ये तर असा एक प्रकार वर्णन केला गेला ज्यात रोग यकृतात आणि त्वचेत पसरलेला असूनही बरीच बाळं आपसूक बरी होतात. दुसरा आजार मोठ्या मुलांचा. त्यात बऱ्याचदा एमवायसीएन नावाच्या जनुकाच्या ढीगभर प्रती असतात आणि तो सुरुवातीपासूनच चवताळलेला असतो. पहिला वाढून दुसरा होत नाही, निदान क्वचितच. लघवीच्या चाळणीत पहिला अडकला, दुसरा निसटला.

शेवटचा बाक
डॉक्टर, मी आत्ताच जर्मनीचे आकडे शोधून वाचले. तपासणीत १४९ मुलं सापडली, त्यातली ३ दगावली. तपासणीत ज्यांना काही नाही म्हटलं गेलं अशा ५५ मुलांना नंतर आजार निघाला, त्यातली १४ दगावली. शंभरात दोन विरुद्ध शंभरात पंचवीस! आणि तुम्ही म्हणता फायदा नाही?

तिसरी घंटा
शेवटचा बाक, इथे भलेभले फसलेत. माझं काम आकडेशास्त्राचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रात्रीचा पहारेकरी तासाला एक फेरी मारतो असं समजा. रस्त्यावर रेंगाळणारा माणूस त्याला हमखास भेटणार. भिंतीवरून उडी मारून दहा मिनिटांत पसार होणारा दोन फेऱ्यांच्या मधे येऊन जाणार. आता पहारेकऱ्याने वही काढून दाखवली की बघा, मी पकडलेले सगळे निरुपद्रवी निघाले आणि जे मला दिसले नाहीत त्यांनीच चोऱ्या केल्या, तर त्यावरून पहाऱ्यामुळे चोऱ्या कमी झाल्या असं म्हणाल का? तुमच्या १४९ आणि ५५ चं हेच आहे. सापडलेल्यांत मंद गाठीच जास्त असणार आणि त्या तशाही वाचणार होत्या. त्या १४९ मध्ये तर अशी कितीतरी मुलं होती ज्यांना तपासणी नसती तर आजाराचं नावही कधी कळलं नसतं. अभ्यासकांनी हे प्रमाण लाखाला ७ धरलं आहे.

चोऱ्या कमी झाल्या का हे बघायचं तर पहारा असलेली आळी आणि नसलेली आळी शेजारी ठेवायची, आणि सगळ्या घरांतल्या चोऱ्या मोजायच्या. तसं केल्यावर तपासणीच्या राज्यांत लाख मुलांमागे मृत्यू १.३ आणि तपासणी नसलेल्या राज्यांत १.२. दूरवर पसरलेला आजार ३.७ विरुद्ध ३.८. म्हणजे फरक शून्य.

गोधडी
आकडे समजले हो. पण ज्या आईचं मूल आज केमो घेतंय तिला लाखाला १.३ सांगून काय उपयोग? तिचं एकच आहे. लाखात एक जरी वाचणार असेल तरी करा ना तपासणी! लघवीच तर घ्यायची आहे. नाही सापडलं तर नुकसान कोणाचं?

उंबरठा
गोधडीताई, नुकसान माझ्या मुलाच्या पोटावर आहे.

रागाने नाही लिहीत. तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, कितीतरी वर्षं म्हणत होतेच. पण नुसती लघवी कधीच नसते. लघवीमागून सीटी येतो, सीटीमागून भूल, भुलीमागून सुरी. आमच्या वॉर्डातल्या एका बाळाला केमोही दिली होती, ते आमच्याहून लहान होतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहा तास दूध द्यायचं नव्हतं. तो भुकेने रडत होता आणि मी त्याला खांद्यावर घेऊन कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. बाळाला काहीच झालेलं नव्हतं त्या दिवसापर्यंत. हसत होतं, पालथं पडत होतं.

गोधडी
ताई, माफ करा. हा विचारच केला नव्हता.

शेवटचा बाक
माझीही ती घाई झाली हे मान्य. पण एक शंका राहतेच. २००८ मध्ये जपानच्याच संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की तपासणीच्या काळात जन्मलेल्या मुलांमध्ये या आजाराचे मृत्यू आधीपेक्षा कमी होते. मग बंद करण्यात घाई झाली असं का म्हणू नये?

कुतूहल
शंका रास्त आहे आणि हा वाद आमच्या क्षेत्रातही झाला. त्या अभ्यासात आधीच्या सालची मुलं आणि नंतरच्या सालची मुलं यांची तुलना आहे. मधल्या काळात केमोच्या पद्धती, स्टेम सेल (मूळ पेशी) प्रत्यारोपण, लहान मुलांचा अतिदक्षता विभाग हे सगळंच सुधारलं. मृत्यू त्यामुळे घटले की लघवीच्या पट्टीमुळे, हे वेगळं काढता येत नाही. क्वेबेक आणि जर्मनीत दोन्ही बाजूची मुलं एकाच काळातली होती, उपचारही त्याच काळातले. म्हणून माझं मत त्या बाजूला झुकतं.

शिवाय शेवटचा बाक, तुमचा टाचेच्या रक्ताचा मुद्दा राहून गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये स्क्रीनिंग, म्हणजे निरोगी दिसणाऱ्या सगळ्यांची तपासणी, कशाचं करावं याचे निकष छापले, ते आजही वापरतो. आजार मोठा हवा, चाचणी साधी हवी हे त्यात आहेच. पण आजाराची सुरुवातीपासूनची चाल नीट कळलेली हवी आणि लवकर उपचाराने फरक पडायला हवा, हेही आहे. थायरॉइड कमी असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू केली तर त्याची बुद्धी वाचते. तो आजार आपोआप विरत नाही. न्यूरोब्लास्टोमाची चाल मात्र तपासण्या सुरू झाल्यावर, हजारो बाळांच्या पोटावर शस्त्र चालल्यावर कळली.

त्यातून एक चांगलं निघालं, तेही सांगतो. २०१२ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. सहा महिन्यांखालच्या, अॅड्रिनलवर लहान गाठ असलेल्या ८३ बाळांना लगेच ऑपरेशन न करता नुसतं सोनोग्राफी आणि याच लघवी तपासणीवर ठेवलं. १६ जणांना पुढे ऑपरेशन लागलं, ६७ जणांना नाही. तीन वर्षांनी सगळी जिवंत होती. आज माझ्याकडे असं बाळ आलं तर मी आईबापांना थांबूया म्हणू शकतो, ते या धड्यामुळेच. थांबणं आईबापांना किती जड जातं ते रोज बघतो, पण ते सुरीपेक्षा हलकं आहे.

धुकं
म्हणजे आपल्याच समाधानासाठी एखाद्या खासगी लॅबमध्ये बाळाची करून घेतली, तर तेही नको का? माझी भाची पाच महिन्यांची आहे, खरं सांगते, धागा वाचून मनात आलं होतं.

निळी शाई
धुकं, लॅबवाली असून सांगते, बाळ खेळतंय, दूध पितंय, वजन वाढतंय, तर करू नका. आकडा किंचित वर आला तर तुमची झोप जाईल, आणि बरोबर आला तर खोटा दिलासा मिळेल. दोन्ही वाईट.

पाटीपेन्सिल
मग आम्ही सामान्य माणसांनी करायचं काय? हातावर हात ठेवून बसायचं? काय दिसलं तर धावायचं ते तरी सांगा.

कुतूहल
हे बरं विचारलंत.

आंघोळ घालताना, तेल लावताना पोटात घट्ट गोळा हाताला लागला, पोट एका बाजूने फुगलेलं वाटलं, तर त्याच दिवशी दाखवा, आणि पोट दाबून दाबून बघत बसू नका. मार न लागता डोळ्यांभोवती काळंनिळं. एक पापणी खाली आणि त्याच डोळ्याची बाहुली लहान. तान्ह्या बाळाच्या कातडीखाली निळसर गाठी. मूल लंगडतंय, चालायचं सोडून कडेवर घ्या म्हणतंय, रात्री दुखण्याने उठतंय. वाढीच्या वयातलं दुखणं सहसा दोन्ही पायांत, संध्याकाळी असतं आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. एकाच जागी सतत दुखणं, सोबत ताप, पांढरेपणा, वजन घटणं, तर तो वेगळा मामला. आणि एक विचित्र लक्षण, डोळे सगळ्या दिशांना नाचल्यासारखे भिरभिरतात आणि हातपाय झटके देतात. दुर्मिळ आहे, पण एकदा बघितलं की विसरत नाही.

याशिवाय फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकली तर तो वेगळ्या, डोळ्यातल्या गाठीचा इशारा असू शकतो. तोही सोडू नका.

असं काही असेल तर मग मात्र लघवीची चाचणी हक्काने करायची. आजारी मुलात ती फार मोलाची आहे. निदानात मदत करते आणि नंतर उपचार लागू पडतोय का तेही सांगते.

शेवटचा बाक
हे सगळं मी उतरवून घेतलं. माझं पहिलं पोस्ट वाचून आता ओशाळलो, पण तसंच राहू देतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतील.

रानवाट
सगळ्यांचे आभार. दोन दिवस मी नुसता वाचत होतो. काल रात्री मित्राकडे गेलो आणि त्या दोघांना फोनवरून अर्धा धागा वाचून दाखवला. त्याने मधेच थांबवून विचारलं, "म्हणजे सहा महिन्यांची असताना तपासली असती, तरी कळलं नसतं?" मला ठामपणे सांगता येईना. डॉक्टर, तुम्हीच सांगा. त्याला वाटतंय त्याचं काहीतरी चुकलं.

कुतूहल
रानवाट, त्यांना माझ्याकडून सांगा. साडेतीन वर्षांच्या मुलीत हाडांपर्यंत गेलेला आजार हा त्या भिंतीवरून उडी मारणाऱ्यासारखा असतो. सहाव्या महिन्यात तिची लघवी अगदी नॉर्मल आली असण्याचीच शक्यता जास्त. जर्मनीतल्या त्या ५५ मुलांची एक वर्षाला नॉर्मलच आली होती. त्यांचं काही चुकलेलं नाही. लंगडणं दिसल्यावर, चेहरा उतरलेला दिसल्यावर ते घेऊन गेले. हेच करायचं असतं.

पुढचा रस्ता लांब आहे. केमो, ऑपरेशन, मूळ पेशींचं प्रत्यारोपण, किरणोपचार, आणि जिथे मिळेल तिथे गाठीच्या पेशींवरच्या जीडी-२ या खुणेवर नेम धरणारं अँटिबॉडीचं औषध. या गटातली जवळपास निम्मी मुलं आज दीर्घकाळ जगतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत हे प्रमाण कितीतरी कमी होतं.

उंबरठा
रानवाट, मुलीच्या आईला माझा नंबर हवा असेल तर मला संदेश टाका. रात्री-अपरात्री चालेल.

रानवाट
ताई, टाकतो. तिला आज वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, जर्मनीचं ते पुन्हा वाच. दोनदा वाचलं.

निळी शाई, तिचा तुम्हाला एक प्रश्न आहे. परवा केमोच्या चौथ्या फेरीआधी पुन्हा लघवी द्यायची आहे. मागच्या वेळी लॅबने दिलेल्या बाटलीत तळाला थोडं पाणी होतं, ते तिने अस्वच्छ म्हणून ओतून दिलं आणि नमुना पुन्हा द्यावा लागला. ते काय होतं?

निळी शाई
पाणी नव्हे, ते आम्ल असतं. त्याने व्हीएमए-एचव्हीए टिकून राहतात. हे बाटली देतानाच सांगायला हवं होतं, चूक त्या लॅबची, तिची नाही. ओतायचं नाही, धुवायचं नाही, हाताला लागू द्यायचं नाही. मुलीची लघवी आधी स्वच्छ कोरड्या भांड्यात धरायची आणि मग बाटलीत हळूच ओतायची, बाटली थेट मुलीखाली कधीच धरायची नाही. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये, औषधांच्या कप्प्यापासून लांब, वर नाव लिहून. आदल्या दिवशी केळं-व्हॅनिला चालेल का ते तिथल्या लॅबला विचारून घ्या, पद्धतीप्रमाणे बदलतं. आणि मुलीला सध्या कोणती औषधं चालू आहेत त्याची चिठ्ठी बाटलीसोबत द्यायला सांगा.